वाट ‘ती’ असते

भूत, आत्मा वगैरे मी मानत नाही. पायवाटा वाचवायच्या मोहिमेत आहे मी, आणि आमच्या प्रत्येक पत्रकावर मीच लिहिते – पुरावा दाखवा. आज पुरावा माझ्याकडेच नाही, म्हणून हे लिहितेय. (जन्म लंडनच्या हॅरोचा, त्यामुळे व्याकरण निखिलनं तपासलंय.)

मागच्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये दिवसभर शेतांतून चालले, कुणी हटकलं नाही. इथे इंग्लंडात शेत विकत घेतलं की वाटेलाही कुलूप. अशीच एक वाट कौन्सिलच्या नकाशावर नाही. लोक ती वापरत होते हे दाखवलं नाही, तर कायमची जाणार. म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी आणि निखिल – माझा फ्लॅटमेट, पुण्याचा – लंडनबाहेर अ‍ॅमरशमला सकाळी ट्रेनमधून उतरून चालत निघालो. दुपारचे दोन, स्वच्छ ऊन, अकरा मैल झालेले. समोर काटेरी तार आणि ‘खासगी’ पाटी. निखिल मागे बुटातला खडा काढत बसलेला.

“बघ, वाट बंद केलाय.”

“केलाय नाही गं, केलीये. वाट ती असते.”

आवाज निखिलचा नव्हता. तारेपलीकडे साठीच्या एक बाई – निळा कार्डिगन, साडी वर खोचलेली, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट.

“त्या काटेरी हॉलीच्या झुडपाखाली पायऱ्या आहेत बघ. ड्युटीला मी रोज इथूनच जायचे.”

“अहो, तुमचं नाव द्याल? फॉर्मवर साक्षीदार लागतो.”

“आधी पायऱ्या मोकळ्या कर. नुसते कागद काय भरतेस.”

फॉर्म काढायला सॅक उघडली. वर पाहिलं तर... नांगरलेलं उघडं शेत. कोणी नाही.

“अहो-जाहो कुणाला करतेस, मेंढ्यांना?” निखिल आला. त्यानं फक्त माझाच आवाज ऐकला होता. बाईंचं सगळं सांगितलं तर म्हणाला, “चुकलीस तूच, सुधारलंसही तूच.”

पण मला वाटेचं लिंग कधी धड आलंच नाही. आणि झुडूप बाजूला केल्यावर कुंपण ओलांडायच्या दोन कुजक्या लाकडी पायऱ्या निघाल्याच. त्या मला कशा माहीत असणार?

गावातल्या पबमध्ये विचारलं. टेकडीपलीकडे पूर्वी छोटं हॉस्पिटल होतं, आता फ्लॅट झालेत, एवढंच कळलं. आईनं ओळखीच्या जुन्या डॉक्टरांना फोन केले. अशा बाई कुणालाच आठवत नाहीत.

कौन्सिलची ऑफिसर म्हणाली, पायऱ्यांचे फोटो चांगले आहेत, पण वाट वापरणारी एक तरी व्यक्ती हवी. व्यक्ती आहे हो... माझ्याशी बोलली ती. खोटं नाव घालणं सोपं आहे, पण मग आमच्यात आणि त्या तारवाल्यांत फरक काय?

फॉर्म शुक्रवारी द्यायचाय. नावाचा रकाना कोरा आहे. ‘वाट किती वेळा वापरली’ याच्यापुढे मात्र मी लिहिलंय – रोज.