लोडातल्या लाख वाती

मोंबासा सोडून दोन दिवस झाले होते. समुद्र शांत होता. मुंबईत उतरल्यावर काय काय खायचं याची बोटीवरच्या बायकांची यादी चालली होती, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. अकरा वर्षांनी घरी निघालेल्या बाईचं चित्त कुठं ठिकाणावर असणार? जरा पाठ टेकावी म्हणून मी होल्डॉलचे पट्टे सोडले. आत सतरंजी होती, दोन चादरी होत्या, मुलीची बाहुली होती. लोड नव्हता. होल्डॉल उलटा करून झटकला, तरी नव्हता. त्या लोडात कापूस नव्हता हो, वाती होत्या. केळापूरच्या जगदंबेपुढे लावायच्या एक लाख वाती, माझ्या हातच्या.

केळापूर आमच्या पांढरकवड्याला लागूनच, आणि जगदंबा आमची कुलदेवी. हे जिनिंगमधले फिटर. कापसातली सरकी काढायची यंत्रं, म्हणजे रेचे, यांच्याइतके कुणाला समजत नाहीत, असं सगळे म्हणत, आणि हेही म्हणत. युगांडातल्या एका जिनिंग कारखान्यानं यांना बोलावलं, तेव्हा निघायच्या दिवशी मी देवीसमोर उभी राहून बोलून गेले, "माय, आम्हाला सुखरूप परत आण, तुझ्यापुढे लाख वाती लावीन." बोलायला काय लागतं! पण सासूबाईंनी आधीच बजावून ठेवलेलं होतं, की देवीच्या वातीला मशीनचा कापूस चालत नाही, सरकी बोटानंच काढावी लागते. नवरा मशीनवर गाड्याच्या गाड्या कापूस मोकळा करणारा आणि बायको ओसरीत एकेक सरकी नखानं काढत बसलेली. हे जेवायला आले की हसायचे, "माह्या मशीनले कोनी देव इचारत नाही वाटते!"

अकरा वर्षं मी रोज दुपारी पंचवीस-तीस वाती वळल्या. दर वातीला देवीचं नाव घ्यायचं, शंभर झाल्या की दोऱ्यानं जुडी बांधायची. आमची मुलगी तिकडेच जन्मली, तिच्या बाळंतपणात काय ते दिवस चुकले असतील. कारखान्याच्या चौकीदाराची बायको नाकातो समोर बसून चटई विणायची. तिला आमची भाषा येत नव्हती, मला तिची जेमतेम. हे काय करतेस, असं तिनं एकदा खुणेनं विचारलं तेव्हा मी वात दाखवली, हात जोडले आणि वर बोट केलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

मग पांढरकवड्याहून पत्र आलं, की इथल्या जिनिंगला या हंगामापासून फिटर हवा आहे. ते वाचून मला काय झालं ते सांगता येत नाही. भांडी काढली, ठेवली, पुन्हा काढली. दिसेल त्याला सांगत सुटले, की आम्ही घरी चाललो. जाऊबाईंना लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात वातींचाच डंका जास्त वाजवला: नवरात्राच्या आत पोचते, अष्टमीला केळापूरला लाख वाती लावायच्या आहेत, पणत्या जमवून ठेवा. खरं सांगायचं तर डोळ्यांपुढे देवी कमी होती, बघायला जमलेली सगळी आळी जास्त होती. कारखाना होता त्या सरोवराकाठच्या दमट हवेत वातींना बुरशी येऊ नये म्हणून मी जुन्या लोडातला कापूस काढून त्यात जुड्या भरल्या आणि वरून टाके घातले. हे तेव्हा कारखान्यात होते. होल्डॉल बांधणार हेच, पण यांना सांगायचं त्या गडबडीत राहून गेलं.

बोटीवर यांना विचारलं तर यांनी सहज सांगितलं, "लोड? तो तं मी देऊन टाकला. गाद्या, उशा, लोड, सारं वाटलं चौकीवर. कोनं काय उचललं देव जाणे. अवं, यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा लोड घेऊन जाते का कोनी? लोकं हासतीन ना!" यांचं तरी काय चुकलं? कपाशीच्या मुलखातला कुठलाही माणूस हेच म्हणाला असता. पण त्या दिवशी मला हे कळत नव्हतं. मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. आणि मग मनात नको ते यायला लागलं. माझ्या वाती देवीला नकोच होत्या का? सुखरूप परत आण म्हटलं होतं, आणि अजून तर अर्धा समुद्र बाकी होता.

पण घर जवळ यायला लागलं तसा राग टिकेना. नागपूरहून निघालेली एस्टी वर्धा नदी ओलांडून आमच्या जिल्ह्यात शिरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची पऱ्हाटी, खालची बोंडं नुकती उकलायला लागलेली. मी खिडकीतून निम्मी बाहेर. "हे बघ, ही आपली पऱ्हाटी!" असं मुलीला ओरडून सांगत होते आणि सगळी बस हसत होती. मुलगी चकित होऊन कानात म्हणाली, "आई, इथं सगळेच आपल्यासारखं बोलतात." मला एकदम रडूच आलं. स्टँडवर भासरे म्हणजे थोरले दीर, जाऊबाई, निम्मी आळी. जाऊबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला पोटाशी धरलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "पाचशे पणत्या जमवल्या वं लहाने. वाती कुठी हायत?"

सांगावं लागलं. जाऊबाई मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, "जाऊ दे. आळीतल्या साऱ्या जनी बसू, होतीन तितक्या वळू." मी नाही म्हणाले. नवस माझा, बोटं माझी हवीत. दुःखातही माझा तोरा काही गेला नव्हता.

अष्टमीला तिसऱ्या प्रहरी मी एकटीच केळापूरला चालत गेले. देवळाच्या पायऱ्यांशी झेंडूची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. आत जायचं धैर्य होईना, म्हणून मी तिच्याशेजारीच टेकले आणि पदर तोंडाला लावला.

"काहून रडून राह्यली वं बाई? सासरी तरास हाय काय?"

मी तिला सगळं सांगितलं, युगांडा, वाती, लोड, सगळं. ती खाली मान घालून झेंडू ओवत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "वळताना देवीचं नाव घेत व्हती?"

"दर वातीला."

"मंग त्या तव्हाच तिच्या झाल्या. कुठी लागतीन, कोन लावन, तिचं ते पाह्यन. तुले कायची चौकीदारी?" असं म्हणून तिनं टोपलीखालच्या फडक्यातून चिमूटभर कापूस काढून माझ्या हातावर ठेवला. "घे. एक वळ अन् जा आत."

मी एक वात वळली. ती आत नेऊन लावली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा देवीपुढे कसला नवस बोलले नाही, काही मागितलं नाही. एवढंच म्हटलं, "माय, माझ्या हातून झालं नाही. आता तुझं तू बघ." बाहेर आले तेव्हा अंग हलकं झालं होतं. वाटेत भूक लागली. घरी जाऊन तीन भाकरी खाल्ल्या.

दिवाळीच्या सुमारास युगांडातल्या शेजारणीचं, जमनाबेनचं पत्र आलं. गुजराती आणि हिंदी एकत्र कालवून लिहिलेलं, पण मला अक्षर न् अक्षर समजलं. लोड नाकातोच्या वाट्याला गेला होता. टेकायला गेली तर आत गाठी लागल्या. तिनं एक टाका उसवला, दोऱ्याच्या जुड्या बघितल्या आणि ओळखलं. त्यावर डोकं टेकायचं सोडून तिनं तो धुतल्या कापडात गुंडाळला आणि डोक्यावर घेऊन जमनाबेनच्या दारात आली: हे त्या बाईचं देवाचं आहे, तिच्याकडे पाठवा. बोट तर केव्हाच गेली होती. मग जमनाबेननं बायका जमवल्या आणि त्यांच्या नवरात्रात, अष्टमीच्या संध्याकाळी, मातेच्या गरब्यासमोर, म्हणजे आत दिवा ठेवलेल्या छिद्रांच्या घटासमोर, एकेका पणतीत एकेक जुडी लावली. नाकातो शेवटपर्यंत तेल घालत बसली होती. "एक वात राखली आहे," असं शेवटी होतं. "ती या पाकिटात आहे. शेवटची तुम्ही लावा."

अष्टमी तीच, ज्या दिवशी मी पायऱ्यांवर रडत बसले होते. त्याचा अर्थ मी लावत बसले नाही, आजही लावत नाही. ज्या बाईला माझ्या देवीचं नाव माहीत नव्हतं तिनं माझा नवस डोक्यावर वाहिला, एवढं मला पुरतं. नवस फेडते ती मीच, या तोऱ्यात मी अकरा वर्षं होते. फेडून घेणारी देवीच आणि फेडणारी माणसंही तीच निवडते, हे मला कळायला तो लोड हरवावा लागला. यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाह्य! मी लोड देल्ला म्हनूनच तं वाती लागल्या." त्यावर सगळं घर हसलं आणि मीही हसले.

दुसऱ्याच दिवशी पाकीट कमरेला खोचून मी केळापूरला जवळजवळ पळतच गेले. म्हातारी तिथंच होती. मी म्हटलं, आजी, मी ती अष्टमीची. तिनं डोळे बारीक केले. "कोन्ती वं बाई? रोज किती येतात, अर्ध्या रडतात." तिला काहीच आठवत नव्हतं. मी धापा टाकत पुन्हा सगळं सांगितलं, अगदी नाकातोपर्यंत, आणि पाकिटातली वात काढून तिच्यापुढे धरली.

तिनं वातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग लाव ना," ती म्हणाली. "हातात कायले धरून राह्यली?"