आईच्या मधुमालतीच्या काड्या

पाबळच्या घरापुढं माझ्या आईनं मधुमालती लावलेली. आई गेली तवा माझ्या लग्नाला वरीसबी झालं नव्हतं. मग दादानं घर वाढवायला काढलं. म्हणला, येल काढावा लागंल, पाया तिथंच येतोय. माझं पोट वर आलेलं, तरी श्रावणात एसटीनं गेले आन् त्याच्या काड्या वल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या, मांडीवर घिऊन.

आमची वरवंडला हायवेकडंला नर्सरी हाय. बोगनवेल, मधुमालती, येलच जास्त. थंडीत छाटायचं, उन्हाळ्यात पाणी घालून जगवायचं, पावसाळ्यात काड्या लावायच्या. सासूला मी आत्याबाई म्हणते, त्यांनीच शिकवलं. पेन्सिलीएवढी काडी, डोळ्याखाली, म्हंजी पाला फुटतो त्या गाठीखाली काप, पिशवीत लावून हिरव्या जाळीखाली सावलीत. वर सांगायच्या, पाल्यावर भुलू नको. काडी आपल्या अंगातल्या रसावर पाला काढती, मुळी मागनं येती. आईच्या काड्या मी तशाच लावल्या.

मग मी बाळंत झाले. पहिलं बाळंतपण माहेरी असतंय, पण तिथं करणार कोण? इथंच झालं. आत्याबाईंनी लई केलं, खोटं कशाला बोलू. पण सव्वा महिना, सुवेर फिटंपतूर, झाडांत जायचं न्हाई म्हणाल्या. वली बाळंतीण झाडाला शिवली तर झाड जळतं आन् लेकराला बाधतं.

मी खिडकीतनं बघायचे. काड्यांना पाला फुटला, पोपटी. लई बरं वाटायचं.

एक दिवस आमच्या मालकांनी तो पाला बघितला, त्यांना वाटलं रोपं धरली. जागा करायला माझ्या पिशव्या जाळीतनं काढून उन्हात मांडल्या आन् टेम्पो घिऊन शिरूरला गेले. भादव्याचं ऊन ते. आत्याबाई दौंडला गेलेल्या. फोन लावला, कुणी उचलंना. पिशव्या अंगणापल्याडच होत्या. पोरीला घिऊन उंबऱ्यापतूर गेले. सकाळधरनं तिचं अंग जरा कोमट लागत होतं. म्हणलं, खरंच बाधलं तर? आई असती तर विचारलं असतं, आई, खरं हाय का गं हे? मला कुणाला विचारताच येईना. मी उंबऱ्यातच बसले, पोरीला छातीशी धरून, आन् पाला मान टाकताना बघत राहिले.

आत्याबाई आल्या, पाणी मारलं, पिशव्या सावलीत नेल्या, लेकाला बोलल्या. पण सुवेर फिटल्यावर मी काडी वढली तर तशीच हातात आली. खाली काळी, मुळी न्हाई. सगळ्याच तशा.

म्हणलं, येल अजून असंल तर नव्या काड्या आणाव्या. पोरीला उराशी धरून एसटीनं पाबळ गाठलं. तिथं पाया भरून झालेला, वर वाळू पडलेली. दादा म्हणला, "अगं मधुमालतीच ना? तुमच्याकडं टेम्पोभर हायत की."

मी व्हय म्हणलं. च्या पिले आन् परत आले.

आत्याबाईंनी आमच्या दारात नर्सरीतली मोठी मधुमालती लावून ठिवलेली. म्हणाल्या, "पोरीला सावली हुईल."

मी त्या येलाला रोज पाणी घालते. फुलं तशीच येत्यात, सांजला पांढरी, मग गुलाबी, मग लाल. वासबी तोच. आईच्या हातची तेवढी न्हाई.