दशरथच्या डोळ्यातली वाटी

लातूर नवा जिल्हा झाला. त्याच्या मागनं आलेल्या दुष्काळात हिरी आटल्या, पण आमच्या डोळ्याच्या दवाखान्यातले किस्से काय आटले न्हाईत! मी तिथं थेंब टाकणारा शिपाई. शाळा चौथीपर्यंत. पण डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढायची मशीन आली, तवापासून डाक्टरांपेक्षा जास्त डोळे मीच उघडलेत.

*

मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं, थेंब टाकून वीस मिनिटं थांबा. ते गोऱ्या लोकांच्या घाऱ्या डोळ्यांचं गणित! आपल्या काळ्याभोर डोळ्याची बाहुली तासभर पसरत न्हाई. अन् बाहुली बारकी, की फोटो अंधारा.

डाक्टरीणबाई एका म्हातारीला म्हणाल्या, "आजी, तुमची बाहुली मोठी का होईना?"

"दुष्काळ हाय माय, कशावर अंग धरंल ती?"

*

नांदेडची कालेजातली पोरगी. नजर चोख, पण फोटोत पडद्यावर पांढरी चकाकी. बाप घामेघूम! बाईंनी कॅमेरा जरा सरकवून दुसरा फोटो काढला, तर चकाकी भलतीकडंच! कवळ्या डोळ्याचा पडदा रेशमागत चमकतो म्हणे.

मी बापाला समजावलं, "रोग एका जागी बसतो. हिंडते ती जवानी!"

बाप आणखीच घामेघूम.

*

एका मास्तरांचा चष्मा बाटलीच्या बुडागत जाड. फोटोत डोळ्याची नस बारकी निघाली. बाई म्हणाल्या, "नस ठीक आहे. डोळा लांबट आहे, म्हणून बारकी दिसते."

म्हंजी मशीन सगळ्यांचे डोळे एकाच मापाचे धरते! सरकारी चड्डी हाय का ही?

*

त्याच दिवसांत बाईंच्या डब्यातली धपाटी रोज कमी होऊन राहिली होती. बाई मांजराला शिव्या द्यायच्या. मी बी द्यायचो.

*

निलंग्याचा दशरथ पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. नजरेच्या दाखल्यासाठी आला. फोटोत नसेच्या तोंडाशी वाटीगत मोठा खड्डा. काचबिंदूत असाच पडतो. दाखला अडला!

"बाई, लई चांगलं दिसतं हो! टँकर गेला तर मी करू काय?"

"आज दिसतंय. पण ही वाटी जन्माची की रोगाची, ते फोटो सांगत नाही. घरातलं कुणी थोरलं आणा."

त्यानं आई आणली. तिच्या फोटोत बी तेवढीच वाटी! काचबिंदू आधी बाजूचं दिसणं खातो; एवढ्या वयात तिचं ते शाबूत निघालं, तर वाटी जन्माची. म्हणून बाईंनी म्हातारीला समोर बसवलं.

"मावशी, माझ्या नाकावरची नजर हलवू नका. बाजूचं काही दिसतं?"



म्हातारी नाकाकडंच बघत बोलली, "दिसतं की. त्यो तुमचा थेंबवाला कोपऱ्यात धपाटं खाऊन राहिला."

बाईंनी आधी दाखल्यावर सही केली.