जगातली सगळ्यात सुरक्षित गाडी

सिविल लाइंसमध्ये आमच्या फाटकासमोर एका गृहस्थांची परदेशी गाडी वरचेवर बंद पडते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही; गाडीच्या कंपनीचा इतिहास मात्र मला तोंडपाठ झालाय. माणसांचा जीव वाचवायला ती कंपनी किती झिजली, हे ते काच खाली करून ढकलणाऱ्यांना ऐकवतात. अशी गाडी घेतलेल्यांचा मोबाइलवर एक ग्रुपही आहे. तिथे दिवसभर रडगाणं चालतं, कुणाचा स्क्रीन काळा, कुणाचा सेन्सर गेला, आणि हे गृहस्थ सगळ्यांना धीर देतात.

परवा गाडी पुन्हा अडली. मागून मी आणि त्यांची बायको ढकलत होतो. ती शहराबाहेर, बबीना गावातल्या शाळेत शिकवते. तिला उशीर होत होता. मी वैतागून म्हटलं, "भाईसाहब, स्टीयरिंग मैडम को दीजिए, धक्का आप लगाइए."

सीटबेल्ट चाचपत ते म्हणाले, "भैया, इसमें बैठे आदमी को आज तक कुछ नहीं हुआ."

"सही कह रहे हैं," बायको घाम पुसत म्हणाली. "जो होता है, बाहर वालों को होता है."

तिने पर्स उचलली आणि समोरून येणाऱ्या भरलेल्या ऑटोत कशीबशी चढली. एक पाय बाहेरच राहिला.

गृहस्थ खिडकीतून ओरडले, "संभल के! ऑटो सेफ नहीं होता!"