घोडीला मीठ कधी द्यावं

ब्राह्मणपुरीत आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांना घोड्यांतलं सगळं कळतं. घोड्यांना हे अजून कळलेलं नाही, एवढंच. कुणी काही विचारलं, आणि बहुधा न विचारताच, ते मिशीवरून बोट फिरवतात आणि अहिराणीत म्हणतात, "भाऊ, हाई सायन्स शे." म्हणजे, हे सायन्स आहे.

गेल्या हिवाळ्यात ते आपली घोडी घेऊन लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरले. मी सोबत गेलो होतो. पहिल्या थांब्यावर घामाने निथळणारी घोडी बादलीला तोंड लावेना. यांनी पिचकारीने क्षारांचं घट्ट मिश्रण तिच्या घशात सोडलं आणि लगेच दुसरी पिचकारी भरायला घेतली.

थांब्यावर घोडे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी तिला पाणी पिऊ द्या. त्याआधी इतकं मीठ गेलं, तर अंगातलं उरलंसुरलं पाणीही आतड्यात ओढलं जाईल."

"मॅडम, हाई सायन्स शे," यांनी बाईंच्या ज्ञानात भर घातली.

तेवढ्यात घोडीचे मागचे पाय थरथरू लागले.

यांनी पिचकारी फेकून दिली. कुणी न सांगता शर्यत सोडली, खोगीर उतरवलं आणि तिला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहिले. इतक्या वेळात त्यांचं बोट एकदाही मिशीकडे गेलं नाही, आणि मलाच धास्ती वाटली. अखेर घोडीने बादलीत तोंड घातलं. तिच्या मानेला मिठी मारून हा माणूस हुंदके देऊन रडला.

मग डोळे पुसून बाईंकडे वळला.

"मी तं सकायपासून हाईच सांगी ऱ्हायनू ना मॅडम! पहिले पानी, मंग मीठ!"