चिंधी बांधलेला दोडका

शालन आडवी होते, उठते, पुन्हा आडवी होते. दुपारचे अडीच वाजलेत. शेजारी तिचे यजमान हिंदुराव तोंडावर पेपर घेऊन केव्हाच घोरायला लागलेत. त्यांचं बरं आहे. बियाणं मोडायला आलंय त्यांच्या आईचं, आणि जीव टांगणीला लागलाय सुनेचा.

बियाणं दोडक्याचं. सासूबाईंनी, हौसाबाईंनी, ते माहेराहून पदरात बांधून आणलेलं. शालन त्यांना आत्या म्हणायची. आत्या दरवर्षी वेलावरचा सगळ्यात देखणा दोडका हेरायच्या, जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी त्याच्या देठाला बांधायच्या आणि गाठ दातांनी आवळायच्या. चिंधी बांधली की तो बियाला ठेवलेला. त्याला कुणी हात लावायचा नाही. गाव सुटलं, चौथ्या मजल्यावरची बाल्कनी आली, शालनच्या लेकीने भिंतीला टांगायची कप्प्याकप्प्यांची उभी बाग पाठवली, तरी चिंधी काही सुटली नाही.

सुटली ती गेल्या वर्षी. आत्या दवाखान्यात होत्या, नणंद अचानक जेवायला आली, भाजी पुरेना. शालनने चिंधीचा दोडका तोडला आणि चिंधी सालींबरोबर कचऱ्यात टाकली. संध्याकाळी आत्यांनी खाटेवरून विचारलं, "वाळतोय का गं दोडका?" शालन म्हणाली, "वाळतोय, आत्या." चार दिवसांनी त्या गेल्या.

आत्यांच्या बियाण्याच्या डब्याच्या तळाशी जुन्या पाच बिया निघाल्या. त्या तिने सगळ्यात वरच्या कप्प्यात टोकल्या, त्याला आज अकरा दिवस झाले. कोंब नाही. शालनला धीर कसला तो नाहीच. रोज बोट खुपसून उकरून बघते. दोन बिया त्यातच गेल्या. राहिल्या तीन.

डोळा लागतो न लागतो, तर ती बाल्कनीतच उभी आहे. वरचा कप्पा हाताला लागत नाही. ती खालच्या कप्प्यात पाय देते, चढते. मेथीचा कप्पा, मिरचीचा कप्पा, पुढे कप्पे संपतच नाहीत. एका कप्प्यात पाय टाकते तर खाली एसटीचा पत्रा वाजतो. दोन्ही बाजूंना सीटा, सीटांवर ओली माती. खिडकीशी आत्या बसल्यात, मांडीवर पिशवी घेऊन.

"बस की. उभी का?"

शालन बसते. बसवत नाही, पुन्हा उठते. खिडकीबाहेर गावचा बांध पळतोय आणि बांधावर तिचेच कपडे वाळत पडलेत.

"आत्या, मला वर जायचंय. बिया बघायच्यात."

"सकाळी बघितल्यास न्हवं?"

"तरीपण."

आत्या हसतात. मग सहज, वाटाणे सोलता सोलता विचारावं तसं विचारतात, "चिंधीचा दोडका कसा लागला गं चवीला?"

वर्षभर हाच प्रश्न ती चुकवत आलीय. एसटीचं दार शोधते, तर तिथे स्वयंपाकघराचा ओटा आहे आणि कढई गार पडलीय.

"कवळा होता," ती अखेर म्हणते. "गोड लागला. आत्या, मी तुमच्याशी खोटं बोलले."

"ठावं हाय. तुझा आवाज तवाच बारीक झालता." आत्या पिशवीत काहीतरी धुंडाळतात. "खाल्लास त्यात काय न्हाई. खायाचीच चीज ती. पर आता रोज उकरतीस कशापायी?"

"नाही उगवलं तर? तुमचं बियाणं माझ्या हातून मोडलं तर?"

"तुझ्या हातूनच मोडंल. ह्या बोटानं." आत्या तिचं बोट धरतात. त्यांचा हात ऊन आहे. शालनला रडू फुटतं, आणि आत्या खाली वाकून तिच्या बोटाशी काहीतरी करत राहतात.

"उगवेल का, आत्या?"

"मातीला कळंल तवा ती सांगंल. चल, माझा थांबा आला."

एसटी थांबते ती लिफ्टसारखी, हिसका देऊन.

शालन उठून बसते. चार वाजलेत. पाय सवयीने बाल्कनीकडे निघतात. स्टूल घेते, वर चढते, काळ्या मातीकडे बोट नेते आणि थांबते.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला हिरवी चिंधी बांधलेली आहे. विटलेली, लुगड्याच्या काठाची. गाठ घट्ट, टोक अजून ओलं.

मग बोट मुठीत मिटते आणि खाली उतरते.

हिंदुराव डोळे चोळत चहाला येतात. "बोटाला काय झालं? कापलं का?"

"नाही," शालन चहाचं आधण ठेवत म्हणते. "बियाला ठेवलंय."