तेलवण राहिलंय

आमच्या गॅरेजमध्ये तेलवण व्हायचं ते इंजिनाचं. लग्नाआधी नवरीला आंब्याच्या पानाने पायापासून डोक्यापर्यंत तेल लावतात, त्याला तेल चढवणं म्हणतात. हेही तसंच. उघडून पुन्हा जोडलेलं इंजिन आतून कोरडं असतं. खाली चेंबरमध्ये तेल ओतलं म्हणजे ते वर पोचलं असं होत नाही, आणि तसंच सुरू केलं तर नवी बेअरिंगं पहिल्या फेऱ्यातच घासतात. म्हणून आमचे हे आधी डिस्ट्रिब्युटर काढायचे, त्या भोकातून एक सळई आत सोडायचे आणि ड्रिल मशीनने तेलाचा पंप फिरवायचे. इंजिनाचं वरचं झाकण काढलेलं असायचं. तिथे मी बॅटरीचा उजेड धरून उभी. तेल वर आलं, चकाकायला लागलं, की मी "चढलं" म्हणायचे. मगच चावी.

"तेलवणाला सवाष्ण लागते," असं म्हणून हे मला भाजी चिरताना खाली बोलवायचे. विनोद कधीच शिळा झाला होता. मी जायचे.

विश्रांतवाडीत खाली गॅरेज, वर घर. तरी मुलाला यांनी गॅरेजमध्ये हात लावू दिला नाही. माझे हात काळे झाले तेवढे पुरे, म्हणायचे. मुलगा शिकला, हिंजवडीत नोकरीला लागला, तिकडेच राहतो. त्याला तेलवण लग्नातलंच माहीत. यांनीच तसं ठेवलं होतं.

मुलीने रजिस्टर लग्न केलं. हळद नाही, तेलवण नाही, मांडव नाही. आम्ही दोघं जाऊन उभे राहिलो, येताना मिसळ खाल्ली. लवकर आटपलं, बरं झालं, एवढंच हे म्हणाले. मनात काही असेल तर मला दिसलं नाही, आणि मला सहसा दिसायचं.

यांनी शेवटचं इंजिन केलं ते आमच्याच गाडीचं. लोकांच्या गाड्या दुरुस्त करताना आमची कोपऱ्यात धूळ खात पडली होती. सगळं उतरवलं, नवं घातलं, जोडलं, तेल भरलं. उद्या सुरू करू म्हणाले. सकाळी छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात दाखल केल्यावर मी यांचे कपडे आणायला घरी आले. परत जाईपर्यंत संपलं होतं. मुलगा जवळ होता. काही बोलले का, म्हणून मी विचारलं. नाही म्हणाला.

त्यानंतर केव्हातरी मुलगी आली आणि भांडी पुसता पुसता म्हणाली, लग्नानंतर तेलवण केलं तर चालतं का गं? संसाराला लागलेल्या बाईचं कसलं तेलवण, मी म्हटलं, लोक हसतील. ती पुढचं भांडं पुसायला लागली. का विचारतेस, हे मी विचारलं नाही.

यंदा दसऱ्याला मुलगा झेंडूचा हार घेऊन आला. मी वर पुरणाला बसले होते. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तो परस्पर खाली गेला. इंजिनातली तेलाची पट्टी ओढून बघितली, तेल भरपूर. नवी बॅटरी जोडली, पेट्रोल घातलं, चावी फिरवली. तेलाचा लाल दिवा विझेना, तर वायर सैल असेल असं समजून त्याने आणखी रेस दिली.

मी वरून आवाज ऐकला. आधी खडखड, मग कोणी आतून हातोडी मारावी तशी ठकठक. माझे गुडघे जिना उतरेपर्यंत इंजिन जाम होऊन बंद पडलं होतं. हार बॉनेटवर तसाच.

"तेलवण केलं होतंस का?" मी विचारलं.

"कशाचं?" तो म्हणाला.

"इंजिनाचं. दुसरं कशाचं?"

तो गाडीच्या दारात खाली बसला. मग सांगितलं. दवाखान्यात बाबांनी त्याचा हात धरला होता आणि म्हणाले होते, तेलवण राहिलंय, आईला सांग. त्याला वाटलं, बहिणीच्या लग्नाचं बोलतायत. मला त्रास नको म्हणून मला सांगितलं नाही. बहिणीने खोदून विचारलं, तेव्हा तिला सांगितलं.

म्हणजे वर्षभर पोरगी ते घेऊन बसली होती, आणि मी तिला म्हटलं होतं लोक हसतील.

संध्याकाळी ती सोनं द्यायला आली. मी सरळ सांगून टाकलं. तुझ्या लग्नाचं नव्हतं, गाडीचं होतं. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, असा माझा हिशेब. तिने आपट्याची पानं हातात तशीच धरली.

"म्हणजे शेवटी बाबांना गाडी आठवली," ती म्हणाली.

हो म्हटलं. खोटं काय सांगणार? ती जेवून गेली. आता वाटतं, तिच्याजवळ निदान वडिलांचा रुसवा तरी होता. तोही मी काढून घेतला.

आईला सांग, असंही हे म्हणाले होते. ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. नेहमीसारखं मला खाली बोलावलं होतं, बॅटरीचा उजेड धरायला. निरोप पोचला तोवर इंजिन जाम झालं होतं.